सोलापूरहून मालवणला, शिडाच्या होडीने: माझा अनुभव

सोलापुरात शिडाची होडी आहे म्हटलं की लोक विचारतात, "चालवता कुठं?" सरावाला उजनी धरण, सुट्टीला कोकण. आम्हा नवरा-बायकोची होडी 21 फुटी, फायबरची आहे. तळाशी उभी बसवलेली वजनदार पाती, म्हणजे कील, वर ओढता येते. ती खाली असताना चार फूट पाणी लागतं, वर घेतली की दीड फुटात भागतं. त्यामुळे होडी ट्रेलरवर घालून रस्त्याने नेता येते. आत दोघांपुरती झोपायची जागा आहे.

रत्नागिरी ते मालवण समुद्रातून सुमारे 60 सागरी मैल, म्हणजे 110 किलोमीटर भरतं. मोटारबोट हे एका सकाळीत उरकेल. आम्ही त्याला सहा दिवस देतो, आणि ते दिवस सुट्टी बघून नाही, तिथी बघून ठरवतो.

कारण कोकणातला जुना हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला हीच भरती दुपारी येते आणि पहाटे नेमकी ओहोटी असते. मग खाडीतून निघायच्या वेळी होडी चिखलात बसलेली. सप्तमी ते एकादशी धरली तर सकाळी भरल्या पाण्यात निघता येतं आणि दुपारी चढत्या पाण्यावर पुढच्या खाडीत शिरता येतं. चढत्या पाण्यात वाळूवर टेकलात तर तासाभरात होडी आपोआप सुटते, उतरत्या पाण्यात टेकलात तर रात्रीपर्यंत तिथेच. शिवाय हे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी ओढ कमी. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत ठेवावं.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, तो नऊ-दहापर्यंत टिकतो. मग तास-दोन तास पाणी आरशासारखं, शीड लोंबतं. बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारच्या सुमाराला जोर धरतो. दक्षिणेला जाताना तो मागून-बाजूने मिळतो. उत्तरेला परतायचं तर तोच तोंडावर, मग शिडावर नागमोडी जावं लागतं आणि अंतर दीडपट होतं. म्हणून आम्ही एकाच दिशेने जातो. रिकामा ट्रेलर ड्रायव्हर रस्त्याने मालवणला आणतो. याचे पैसे वाचवायचा मोह होतो, पण ते वाचवू नयेत.

खरी कटकट सोलापूरच्या उन्हाची. 42-43 अंशांत उन्हाळाभर झाकून ठेवलेल्या होडीचं रबर आधी जातं. इंजिनाच्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, एकाच स्थितीत पडून त्याची पाती वाकडी होतात, मग थंड पाणी चढत नाही आणि इंजिन तापतं. 350 रुपयांचा असो की दोन हजारांचा, दरवर्षी नवा बसवायचा आणि जुना सुटा भाग म्हणून ठेवायचा. इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडते का, हे पहिलं बघायचं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं बाष्प ओढतं, त्यामुळे ठेवून देताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. खिडक्यांच्या कडेचं सीलंटही भेगाळतं. बादलीने पाणी मारून गळती शोधायची, समुद्रात नाही.

सराव नोव्हेंबरात उजनीवर, धरण भरलेलं असताना. पाणी उतरलं की बुडालेली झाडं, जुनी बांधकामं वर येऊ लागतात. काठावर शेतीपंपांचे पाइप आणि दोर तरंगत असतात, पंख्यात एकदा गुंतले की अर्धा तास गेला. त्याहून गंभीर म्हणजे वरच्या विजेच्या तारा. ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करण्याआधी दोघांपैकी एकाने फक्त वर बघत उभं राहायचं. आणि मे महिन्यात, वळवाच्या दिवसांत, उजनीवर जायचंच नाही. 2024 च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली होती. ते पाणी शांत दिसतं, म्हणून फसवतं.

रस्ता सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. घाट उतरून आलेल्या ट्रेलरची चाकं तापलेली असतात. तसाच पाण्यात नेला तर बेअरिंग एकदम थंड होऊन खारं पाणी आत ओढतात आणि परतीच्या वाटेवर जाम होतात. हात लावून चाकाचा मधला भाग (हब) गार झालाय याची खात्री होईपर्यंत चहा प्यायचा. उतारावरून होडी पाण्यात भरतीलाच सोडावी, ओहोटीला खाली निव्वळ गाळ असतो.

रत्नागिरी-विजयदुर्ग 26 मैल हा सगळ्यात लांब दिवस. सरासरी साडेतीन मैल ताशी धरली तर साडेसात तास, म्हणून सकाळी सहाला निघायचं. मधल्या निवांत वेळात सहा अश्वशक्तीचं इंजिन अर्ध्या जोरावर चालवतो. तासाला साधारण दीड लिटर जातं, आमच्याकडे 20 लिटर असतं. मासेमारीच्या जाळ्यांचे बोये, थर्माकोल आणि काळी फडकी यांच्यावर नजर हवी. रात्री ते दिसत नाहीत, म्हणून रात्री चालायचं नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी भिंत आहे, किल्ल्याला चांगलं अंतर राखून वळसा घालून वाघोटन खाडीत शिरावं. तिथे दोन रात्री. पुढे देवगड 11 मैल, जेमतेम अर्धा दिवस. देवगड-मालवण 20 मैल, पण मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक. ऊन डोक्यावर असताना आणि स्थानिक तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) वाट विचारूनच आत जायचं.

नांगर आठ किलोचा, पुढे 10 मीटर साखळी आणि 40 मीटर नायलॉन दोर. खोली चार मीटर, भरतीचे दोन, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची एक मीटर, झाले सात. त्याच्या पाचपट, म्हणजे 35 मीटर सोडायचे. लोक आत्ताच्या खोलीवर हिशेब करतात आणि रात्री भरतीला नांगर फरपटतो. सोडल्यावर इंजिन उलट्या दिशेने चालवून नांगर रुतवायचा, मग काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून दहा मिनिटं बघायचं.

फ्रीज नाही, आणि इथे सोलापूर कामी येतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवडाभर सहज टिकतात, वर आमटी केली की जेवण झालं. पाणी 40 लिटर, पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये. एक फुटला तर बाकीचे राहतात. सोलापुरी चादर मात्र घरीच ठेवावी. सुती कापडात मीठ बसलं की ते हवेतली ओल धरतं आणि चादर कधीच वाळत नाही. पातळ ब्लँकेट बरं.

लाइफ जॅकेट अंगात, पिशवीत नाही. व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर, म्हणजे मदतीच्या हाकेच्या चॅनलवर, चालू. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी सुरक्षेचा 1093 हे क्रमांक आत चिकटवलेले. निघण्याआधी हवामान खात्याचा आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज पाहून, कुठून कुठे जातोय ते बंदरावर सांगून ठेवतो.

मालवणात होडी वर घेतली की त्याच दिवशी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायचं, शिडं आणि दोर धुवायचे, ट्रेलरच्या बेअरिंगात नवं ग्रीस भरायचं. हे सोलापूरला पोचल्यावर करू म्हटलं, तर तोवर मीठ सुकून दगड झालेलं असतं.