अमिनो अॅसिडच्या गोळ्या सुरू करण्याआधी... माझा अनुभव

मध्यंतरी बरेच महिने माझं डोकं चालेनासंच झालं होतं. बोलता बोलता नेमका शब्द आठवायचा नाही, वाचलेलं पान परत वाचावं लागायचं, संध्याकाळ झाली की मन उगाचच उदास व्हायचं. डिप्रेशनची एक गोळी आधीपासून चालू होती, कमी डोसची, त्यामुळे वाटलं की मेंदूला काहीतरी कमी पडतंय आणि अमिनो अॅसिड (प्रथिनं ज्यांपासून बनतात तसल्या प्रकारचे घटक) घेऊन बघावं, सगळीकडे तीच नावं दिसत होती, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, फाइव्ह-एचटीपी, थिएनिन.

काहीही विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारलं, आणि ते बरंच झालं. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन. बी१२ चांगलंच कमी निघालं. बी१२ कमी असेल तर विसरायला होतं, उदास वाटतं, हातापायाला मुंग्या येतात, आणि मुंग्यांकडे तर मी लक्षच दिलं नव्हतं! इंजेक्शनं सुरू झाली, हळूहळू शब्द आठवायला लागले. म्हणून सांगते, सप्लिमेंटच्या आधी ही तपासणी कराच.

तरी रात्रीची तगमग राहिलीच. मग परत अमिनो अॅसिडचा विषय काढला, तेव्हा डॉक्टरांनी ट्रिप्टोफॅन आणि फाइव्ह-एचटीपीला सरळ नाही म्हटलं. शरीर ट्रिप्टोफॅनपासून आधी फाइव्ह-एचटीपी बनवतं आणि त्यापासून सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, आणि माझी गोळीही सेरोटोनिनवरच काम करते. दोन्ही एकत्र झालं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे थरथर, खूप घाम, धडधड, ताप, गोंधळल्यासारखं होणं, आणि वाढलं तर जिवावर बेततं. फाइव्ह-एचटीपीचं आणखी एक, ज्या पायरीवर शरीर सेरोटोनिनचा वेग आवरतं तीच हे ओलांडून जातं. नैसर्गिक लिहिलंय म्हणून हलकं समजू नका.

टायरोसिनपासून डोपामिन हे मेंदूतलं दुसरं रसायन बनतं हे खरं, पण त्याचे जे प्रयोग झालेत ते बहुतेक थंडी, जागरण अशा तात्पुरत्या ताणावरचे आहेत, रोज घेऊन स्मरणशक्ती वाढते असं त्यातून म्हणता येत नाही. थायरॉइडचं हार्मोन जास्त बनत असेल किंवा एमएओआय प्रकारची (डिप्रेशनच्या औषधांचा एक जुना प्रकार) गोळी चालू असेल तर हेही परस्पर घ्यायचं नाही.

शेवटी उरलं थिएनिन, चहाच्या पानात असतं ते. डॉक्टरांनी माझ्या गोळ्या बघून हो म्हटलं, २०० मिलिग्रॅम, आणि एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करायची ही अट. डबा निवडायला मात्र वेळ गेला. एका डब्यावर मोठ्या अक्षरात मेमरी आणि मूड, आणि मागे बारीक अक्षरात सात-आठ नावं, त्यापुढे सगळ्यांचं मिळून एकच वजन, वर प्रोप्रायटरी ब्लेंड! कुठलं किती ते कळणार कसं? तो ठेवून दिला आणि एकच घटक असलेला, बाहेरच्या लॅबने तपासलेला घेतला. १९८९ मध्ये अमेरिकेत भेसळ आलेल्या ट्रिप्टोफॅनमुळे १५०० हून जास्त लोक आजारी पडले, तीसच्या वर माणसं गेली, स्नायू भयंकर दुखायचे आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढायच्या. हे वाचल्यापासून शुद्धतेचा रिपोर्ट नसेल तर मी डबा हातातही घेत नाही.

वहीत रोज झोप, मूड आणि विसरलेल्या गोष्टी लिहीत गेले. रात्रीची तगमग कमी झाली, अंथरुणावर पडल्यावर विचारांचं चक्र लवकर थांबायला लागलं, पण स्मरणशक्तीत थिएनिनमुळे काही फरक दिसला नाही, जो पडला तो बी१२ मुळेच आणि तो आधीच पडला होता. आता काही दिवस थिएनिन बंद ठेवून बघायचं ठरलंय, झोप तशीच राहिली तर परत सुरू करणार नाही. बी१२ पुन्हा तपासायचं आहेच. आणि तुमच्यापैकी कुणाला डिप्रेशनची किंवा बायपोलरची गोळी चालू असेल, किंवा दिवस गेले असतील, तर प्लीज डॉक्टरांना डब्याचा फोटो दाखवल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा घेऊ नका.