चोरीचा प्रवेश सुटला (आणि चौकीचा सेट गेला)

सुटला एकदाचा, आमच्या चादर कारखान्याच्या फार्समधला चोरीचा प्रवेश! गाडी अडली होती तिथंच: अण्णा आणि धाकटा बंडू रात्रपाळीत कारखान्यात शिरतात, मोराच्या चादरीची जकार्ड कार्डं (मागाला नक्षी सांगणारे भोकं पाडलेले पुठ्ठे) उचलतात, पण सापडायचे कसे? रखवालदाराला जाग येते, मांजर डबा पाडते, सगळं लिहून पाहिलं. सगळा योगायोग. फार्समध्ये माणूस स्वतःच्या स्वभावानं अडकला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

उत्तर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मिळालं, मागांचा आवाज रेकॉर्ड करताना. चालू मागांत शेजारच्याचंही ऐकू येत नाही, कामगार हातवारे करून बोलतात. अण्णाची हयात मागावर गेली, तो खुणांनीच बोलणार. बंडूला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तो गळा फाडून ओरडणार. खडखडाटात कुणालाच पत्ता नाही. आणि लाइट जाते!

"अण्णा, मोर पोत्यात घातलाय, चला!"

अख्ख्या कारखान्याला ऐकू. तालमीत प्रॉम्प्टरच्या हातून वही पडली, इतकी हसली ती.

यात एक बारकावा सापडला. लाइट गेली तरी माग जागच्या जागी थांबत नाही, दोन-तीन ठोके घेतो. तेवढ्यात अण्णा बंडूचं तोंड दाबायला धावतो आणि पोचत नाही. त्यामुळे पूर्ण ब्लॅकआउट नको, खिडकीतून निळा स्पॉट ठेवू. आवाजासाठी मोबाइल अजिबात वापरू नका. मोठा आवाज तो आपोआप दाबतो, धोट्याचा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) दणका जातोच. लेव्हल हातानं लावता येणारा छोटा रेकॉर्डर घ्या.

कार्डं भंगारातून खरीच मिळाली, जाड पुठ्ठ्याची, दोरीत ओवलेली. पुठ्ठा कापून बनवलेल्यांना हे वजन येत नाही.

लिहिता लिहिताच सुचतंय: पळताना दोरी तुटली तर? एक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ. अण्णा भोकं बघून क्रम लावत बसणार, बंडू हाताला येईल ते ओवणार. एक गठ्ठा वर-खाली झाला की मोराचे पाय डोक्यावर! मग शेवट पोलीस चौकीत कशाला? सोलापूरच्या होम मैदानावर नेऊ, सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत. उलट्या मोराच्या चादरीवर गिऱ्हाइकांची झुंबड, आणि रांगेत खुद्द मालक.

चौकीचा सेट रद्द. गड्ड्यातल्या गर्दीचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर कळवा, पाळण्याची करकर त्यात हवीच.