बी चावून बघ

2019 चा ऑक्टोबर, वायव्य इटलीतलं सेर्रालुंगा द'आल्बा. पहाटेचं धुकं अजून उतारावर होतं. द्राक्षातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 24 ब्रिक्स दिसलं आणि मी म्हणालो, "साखर भरलीय, सगळंच तोडूया." कारण दोन दिवसांनी पाऊस सांगितला होता. डोल्चेत्तो आणि बार्बेरा ही द्राक्षं कधीच टाक्यांत पडली होती. वेलीवर उरलं होतं फक्त नेबियोलो. इथली बारोलो वाइन होते ती या एकाच द्राक्षाची. फुटतं सगळ्यांच्या आधी, पिकतं सगळ्यांच्या मागून, म्हणून त्याची धास्ती जास्त.

बागेचे कारभारी सत्तरीचे. त्यांनी आकडा पाहिलाच नाही. खालच्या ओळीतला एक मणी माझ्या हातावर ठेवला. "गिळू नकोस. बी चावून बघ."

गर गोड होता. बी मात्र हिरवट, दाताखाली चिवट, आणि कच्ची सुपारी खाल्ल्यासारखी जीभ आवळली. मग वरच्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या ओळीतला मणी दिला. त्याची बी तपकिरी होती. कटकन फुटली आणि भाजलेल्या दाण्यासारखी लागली.

"हे आज. खालचं राहू दे."

मी दिंडोरीचा. आमच्याकडे ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी चालते आणि पिकल्या मालावर पाऊस म्हणजे मणी तडकणार, हे पोरवयापासून पाहिलेलं. दुपारी बाबांना फोन केला तर तेही हबकले. "अरे, पाऊस येतोय आणि अर्धा माल वेलीवर?"

संध्याकाळी कारभाऱ्यांनी मला तळघरात नेलं आणि पिंपातून 2017 ची वाइन काढून दिली. रंग इतका फिका की पाणी मिसळलंय असं वाटावं. कडेला विटकरी छटा. घोट घेतला आणि हिरड्या कोरड्या पडल्या. गुलाबाचा वास नंतर आला, त्यामागून डांबराचा. हा तुरटपणा सालीतला आणि बियांतला. पिकल्या बियांचा असेल तर तो पिंपात हळूहळू निवतो, हिरव्या बियांचा कडवटपणा घेऊन बसतो. म्हणूनच इथे थांबण्याचाही कायदा आहे : 38 महिने, त्यातले निदान 18 लाकडात. आम्ही त्या दिवशी तोडलेल्या द्राक्षांची बारोलो 2023 च्या जानेवारीआधी विकता येणार नव्हती. एवढी वर्षं थांबायचं, तर आठ दिवसांसाठी कच्चं का तोडायचं? मला ते पटलं.

पाऊस आला. खालच्या ओळींतले काही मणी तडकलेच. ते कात्रीने एकेक काढत आम्ही दोन दिवस वाकून होतो. बाकीचं आठवड्याने तोडलं. त्याआधी प्रत्येक ओळीतली एक बी मी चावून पाहिली.