आर्टेमियाची अंडी: काढायला सोपी, वाळवायला अवघड

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यात राहणारा कोळंबीसारखा अगदी छोटा जीव. पहिल्या वेळी टबातून काढलेली त्याची अंडी मी तीन महिन्यांनी उबवायला घातली आणि दोन दिवस वाट बघून हाती आली ती बोटांवर मोजता येतील एवढीच पिल्लं. अंडी भरपूर होती, रंगही छान चॉकलेटी, पण बरणी उघडल्यावर हलका कुबट वास आला होता आणि चमच्याला छोटे छोटे गोळे चिकटून आले होते, तिथेच ओळखायला हवं होतं. अंडी नीट वाळलीच नव्हती.

त्यानंतर कळलं की या अंड्याचं सगळं गणित पाण्यावर आहे. कोरडं असलं की आतला गर्भ झोपलेला, पुरेसं भिजलं की जागा. पण अर्धवट ओलं राहिलं तर तो धड झोपतही नाही आणि बाहेरही येत नाही, नुसता आतला साठा जाळत राहतो आणि तिथेच संपतो.

अंडी मिळवायला फार काही करावं लागत नाही. पाणी साध्या समुद्राएवढं खारट असेल तर मादी बहुतेक वेळा थेट जिवंत पिल्लंच सोडते, खारटपणा हळूहळू वाढवत नेला आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की ती अशी जाड कवचाची अंडी घालायला लागते. तिच्या पोटामागची पिशवी तपकिरी दिसली की समजायचं. जड खाऱ्या पाण्यात अंडी तरंगतात, टबाच्या एका कोपऱ्यात कॉफी पावडर सांडल्यासारखा थर जमतो. अमेरिकेत युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकवर हाच प्रकार प्रचंड प्रमाणावर चालतो, १ ऑक्टोबरला हंगाम सुरू होतो, विमानातून पाण्यावरचे तपकिरी पट्टे शोधतात, बोटींनी तरंगते अडथळे लावून पट्टा घेरतात आणि अंडी पंपाने ओढून घेतात. पुढच्या वर्षीसाठी तळ्यात पुरेशी अंडी उरावीत म्हणून सरकारी खातं पाण्याचे नमुने मोजत राहतं आणि आकडा खाली आला की काढणी बंद करतं, हे मला फार योग्य वाटतं.

मी दर दोन दिवसांनी थर काढते. कडेला चिकटून राहिलेली अंडी दमट हवेने भिजतात, उन्हाने वाळतात, परत भिजतात आणि प्रत्येक वेळी थोडी ताकद गमावतात. काढलेला माल आधी १ मिलिमीटरच्या आणि मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाऊ द्यायचा, कचरा वर राहतो, अंडी १५० मायक्रॉनच्या (म्हणजे ०.१५ मिलिमीटर) जाळीवर अडतात. मग मीठ विरघळायचं थांबेल इतक्या खाऱ्या पाण्यात ढवळून ठेवायचं, वाळू खाली बसते, अंडी वर येतात.

लगेच उबवून बघू नका, ताजी अंडी सगळं काही योग्य असूनही उबत नाहीत, त्यांची सुरुवातीची झोप नुसतं भिजवून जात नाही, ती आधी मोडावी लागते. मी त्याच तीव्र मिठाच्या पाण्यात बुडवून फ्रीझरमध्ये १-२ महिने ठेवते. एवढं खारट पाणी घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, त्यामुळे बरणी फुटायची भीती नाही.

यानंतर गोड्या पाण्याची पायरी, आणि इथे घड्याळ समोर हवंच. गोड्या पाण्यात टाकलं की आत गर्भ असलेली अंडी खाली बसतात आणि रिकामी टरफलं वर तरंगतात, एवढ्यासाठीच हे करायचं. १५ मिनिटांच्या आत वरचं ओतून द्यायचं, खालची अंडी जाळीवर धुवायची आणि कापडात घट्ट पिळायची. उशीर झाला तर गर्भ जागा होतो आणि मग परत वाळवलं तर मरतो.

वाळवताना थर अगदी पातळ, काही मिलिमीटरच. सावलीत, पंख्याखाली, तापमान ४० अंशांच्या आत आणि सुरुवातीला दर अर्ध्या तासाने हात फिरवून गोळे मोडायचे. भिंगाखाली बघितलं तर फरक लगेच कळतो, ओलं अंडं टम्म गोल असतं आणि वाळलेलं एका बाजूने आत बसलेलं, हवा गेलेल्या चेंडूसारखं. तेवढ्यावर मात्र विसंबू नका. मी ताटली वजन करते आणि सलग दोन वेळा वजन तेच आलं तरच वाळली म्हणते. ओलावा १० टक्क्यांच्या खाली हवा, ५ च्या आसपास असेल तर उत्तम. अंड्यात ट्रेहॅलोज नावाची साखर असते, तीच पेशींना या कोरडेपणात सांभाळते.

साठवायला छोट्या छोट्या बाटल्या, गच्च भरलेल्या, कारण आत उरलेल्या हवेतला ऑक्सिजनही अंडी बिघडवतो. व्हॅक्यूम पाकीट जमलं तर त्याहून छान. फ्रीजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता प्रत्येक बाटली बंद करायच्या आधी चिमूटभर अंडी लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, २७ अंश, दिवा आणि एअर पंप लावून उबवून बघते. १ ग्रॅममध्ये २ ते ३ लाख अंडी असतात, त्यामुळे चिमूट पुरते. गेल्या खेपेला २४ तासांनी पंप बंद करून एका बाजूला टॉर्च धरला, तर पाचच मिनिटांत उजेडाकडे दाट नारिंगी ढग जमला. त्या बाटलीवर मी तारीख आणि वजन लिहून ठेवलंय.