खंजीर तिला दिसत कसे नाहीत?

कालची तालीम डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. सध्या शेक्सपिअरचं मॅकबेथ बसवतोय, त्यातला दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, राजाचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो तो. लोकांना वाटतं खून बसवणं अवघड, अहो खून आत होतो, स्टेजवर नुसते नवरा-बायको उभे असतात आणि घाम तिथेच फुटतो.

घोळ असा की खंजीर आतच, झोपलेल्या पहारेकऱ्यांपाशी ठेवायचे ठरलेले असतात, आळ त्यांच्यावर जावा म्हणून. हा बाबा ते हातात घेऊनच येतो. आणि बायको त्याच्याशी तीसेक ओळी बोलते, तेव्हा कुठे तिला ते दिसतात. तीस ओळी! आमची लेडी मॅकबेथ भडकलीच, "सर, मी आंधळी आहे का?" हात पाठीमागे लपवून बघितले, पण तो मधेच स्वतःचे रक्ताळलेले हात बघून बोलतो, त्याचं काय करणार. लाइट कमी करून बघितला. लाइटवाले लगेच खूश, त्यांच्या मते नाटकातला कुठलाही प्रश्न अंधार केला की सुटतो.

खरं तर चूक माझीच. दोन आठवडे मी तिला वाघीण आणि त्याला बावळट करून ठेवलं होतं, सगळे करतात तसंच. पण ही बाई प्रवेशाच्या सुरुवातीलाच म्हणते की झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. म्हणजे हातपाय तिचेही गळालेत. मग "कधी?" "आत्ताच." "खाली उतरताना?" "हो." असे एकेका शब्दाचे संवाद आहेत, ते मी भांडणासारखे पटापट घेत होतो. काल म्हटलं थांबा, प्रत्येक उत्तराआधी पॉज घ्या, आणि नजर फक्त एकमेकांच्या तोंडावर.

खंजीर उघडे, लाइट पूर्ण, आणि ती खाली बघेचना. नंतर म्हणाली, "मला आल्या आल्याच दिसले होते हो. पण बघितलं असतं तर मग ते झालंच असतं ना."

पुढे ती खंजीर मागते तिथे त्याने सोडलेच नाहीत. ठरलेलं नव्हतं काही. तिने त्याचं एकेक बोट उकललं, चिडून नाही, लहान पोराच्या मुठीतलं काही काढून घेतात तसं. ती आत गेली की दारावर थापा पडायला हव्यात, त्या पडल्याच नाहीत, थापांचा पोरगा विंगेत आ वासून बघत उभा. एरवी मी ओरडलो असतो.

आज परत केलं तर पार नकली, बोटं मोजून सोडतोय असं वाटलं. आणि दुसरी भीती वेगळीच. तिसऱ्या अंकात तिला नवऱ्याशी दोन शब्द बोलायला नोकराकरवी निरोप धाडावा लागतो, पुढचा खून तो तिला सांगतही नाही. दोघांमधली ती फट इथेच एवढी उघडली तर तिकडे काय दाखवू? आमच्या मॅकबेथने विचारलं, "सर, सोडू की धरून ठेवू?"

रंगीत तालमीपर्यंत सांगतो म्हटलंय. थापांच्या पोराला तेवढं बजावलंय की स्टेजकडे पाठ करून उभा राहा.