वेढा खालून वर: करंजे ते मंगळाईचा बुरूज, पायी

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर मी याआधी चार वेळा गेलो होतो आणि चारही वेळा गाडीने. दरवाजाजवळ गाडी लावायची, तटावरून शहर बघायचं, फोटो काढायचे आणि खाली येऊन मिसळ हाणायची. इथे औरंगजेबाचा चार-साडेचार महिने वेढा चालला होता हे ठाऊक होतं, पण वरून खाली बघून तो काही डोळ्यांपुढे येत नव्हता. म्हणून जानेवारीत सांगलीहून मी आणि माझा आतेभाऊ निघालो ते ठरवूनच, की या वेळी किल्ला औरंगजेबाच्या बाजूने बघायचा. दादाचं म्हणणं, "आपण त्याच्या बाजूनं कशाला बघायचं?" पण गुडघा दुखत असतानाही तो आला.

आधी थोडी उजळणी. डिसेंबर १६९९ मध्ये वसंतगड घेऊन बादशहा साताऱ्याखाली आला. मोगल पन्हाळ्यावर जाणार असा मराठ्यांचा अंदाज होता, त्यामुळे साताऱ्याच्या गडावर दाणागोटा होता जेमतेम दोन महिन्यांचा. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. बादशहाचे तंबू उत्तरेला करंज्यात पडले. पश्चिमेला शहजादा आझम उतरला, त्या गावाला पुढे शहापूर नाव पडलं. पूर्वेची बाजू तरबियतखानाकडे होती, दक्षिणेची शिर्झाखानाकडे. या चारही जागा आजच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात, आणि एका दिवसात चालून बघायला एवढा आटोपशीर वेढा मला तरी दुसरा माहीत नाही.

एसटी स्टँडवर सकाळी पावणेसातला उतरलो आणि पहिल्यांदा किल्ल्याकडे पाठ करून करंज्याकडे चालत गेलो. हीच सगळ्यात महत्त्वाची सूचना समजा. किल्ल्याच्या दिशेने घाई करू नका, आधी लांब जा. करंजे आता शहरातच आलंय, छावणीची खूण वगैरे काही नाही. एका पारावर म्हातारबाबा ऊन खात बसले होते, त्यांना विचारलं, "आजोबा, औरंगजेबाची छावणी इथंच होती म्हणे?"

"आसंल की. आता समदे फ्लॅट झाल्यात. वरच्या मजल्यावरनं किल्ला झ्याक दिसतोय, तितं जावा."

फ्लॅटमध्ये कोण घेणार आम्हाला! पण थोडं पुढे मोकळ्या प्लॉटवरून जे दिसलं त्यासाठीच यायला हवं होतं. अजिंक्यतारा इथून शिखरासारखा दिसत नाही, आडव्या भिंतीसारखा दिसतो. खाली उतार, त्यावर काळा कडा, कड्यावर तट आणि वर हल्लीचे टॉवर. शहर पुसून बघा. हे शहर पुढे शाहू महाराजांच्या काळात वाढलं, तेव्हा इथपासून पायथ्यापर्यंत बहुतेक उघडं रान असणार. अडीच-तीन किलोमीटर लांबून ८१ वर्षांचा म्हातारा रोज ही भिंत बघत बसला होता.

तिथून राजपथाने राजवाडा, अदालत वाडा आणि वर डांबरी रस्ता. हा मार्ग साधा आहे, लहान मुलंही चढतात. पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, एकट्याने गेलात तरी सोबत मिळते. आम्ही मात्र शहाणपणा केला. तरबियतखान पूर्वेकडून चढला म्हणून आपणही गोडोलीच्या बाजूने पायवाट धरू म्हटलं. अर्ध्या तासात वाट संपली, घाणेरीची जाळी सुरू झाली आणि सुकलेल्या गवताखालचा मुरूम पायाखालून वाहायला लागला. त्यातच माझ्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि मगरीसारखा आ वासून बसला. तीन वर्षं माळ्यावर पडलेले बूट घालून आलो होतो, गोंद वाळून गेलेला. डब्याच्या पिशवीची नाडी काढून तो बांधला आणि गुपचूप डांबरी रस्त्यावर परत आलो. तुम्ही जाण्याआधी घरच्या जिन्यावर बूट दहा वेळा वाकवून बघा. आणि वाट दिसेनाशी झाली की मागे फिरा, कड्याच्या अंगाला आग्यामोहळंही असतात.

दरवाजा आणि त्याचे दोन बुरूज अजून दणकट आहेत. आत मारुतीचं देऊळ लागतं, पुढे महादेवाचं. ताराबाईंच्या वाड्याचे पडके अवशेष बघून सरळ मंगळाईच्या देवळाकडे चला. देवळाच्या आवारात जुन्या कोरीव मूर्ती मांडून ठेवल्यात, त्यांना पाच मिनिटं द्या. पण खरी जागा त्याच्या पलीकडची, तटाच्या ईशान्य कोपऱ्याची.

एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी इथे खालून दोन सुरुंग भरले होते. हल्ला करणारी तुकडी कड्याच्या खांद्याशी दबा धरून बसलेली. पहिला सुरुंग उडाला तेव्हा तट आतल्या बाजूला कोसळला, गडावरची बरीच माणसं मेली, खुद्द प्रयागजी देवळाजवळच ढिगाऱ्याखाली गाडले गेले. दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या अंगाला फुटला आणि सगळी दरड दबा धरून बसलेल्यांवर गेली. दीड-दोन हजार मोगल मेले असं सांगतात. प्रयागजींना नंतर जिवंत उकरून काढलं.

हे सगळं वाचलेलं होतं. पण कळलं ते दादाच्या बाटलीमुळे. तटाच्या कडेला तो टेकला आणि त्याची स्टीलची बाटली कोपर लागून सुटली. आधी ठण्ण. मग काहीच नाही. मग बऱ्याच खालून पुन्हा ठण्ण, ठण्ण, आणि मग गवतातून घसरत जाण्याचा आवाज, तो थांबतोय थांबतोय म्हणेपर्यंत चालूच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. गडावरचे लोक वेढ्याला उत्तर म्हणून मोठमोठे धोंडे लोटायचे, आणि मला ते नेहमी गरिबाचं हत्यार वाटायचं. लिटरभर पाण्याची बाटली एवढी जाते तर बैलाएवढा दगड कुठवर जात असेल! वरच्याला फक्त ढकलायचं असतं. खालच्याला लाकडं रचून, मातीच्या पोत्यांचे दमदमे उभारून, एकेक हात वर सरकायचं असतं. तुटक्या तळाच्या बुटाने तासाभरापूर्वी मी तेच करून आलो होतो, म्हणून जरा जास्तच पटलं.

मोगलांच्या बाजूने लिहिलेल्या हकिकतीत एक गोष्ट आहे, ती इथे बसूनच आठवावी. दरडीखाली सापडलेल्या आपल्या माणसांची प्रेतं काढता येईनात, त्याची कुणाला पर्वाही दिसेना, तेव्हा पायदळातल्या बहेलिया शिपायांनी रात्री आपलेच चढाईसाठी रचलेले लाकडी मोर्चे पेटवून दिले. ती आग आठवडाभर जळत होती.

सुरुंगाने किल्ला पडला नाही. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते, कोठारात काही उरलं नव्हतं. एप्रिलच्या शेवटी बोलणी होऊन गड खाली झाला आणि शहजाद्याच्या नावावरून त्याचं आझमतारा झालं.

पाण्याचं सांगायचं राहिलं. गडावर तळी आहेत, पण ते पाणी पिऊ नका. माणशी दोन लिटर खालूनच न्या, आणि बाटली तटावर ठेवू नका. पूर्ण फेरीला दीड तास धरा, आमच्यासारखे रेंगाळणारे असाल तर तीन. सावली कमी आहे, अकराच्या आत खाली उतरलेलं बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर ऊन आणि वणवे, पावसाळ्यात हिरवं सुंदर दिसतं पण तटाच्या दगडांवर शेवाळ असतं. मंगळाईला जाताना चप्पल-बूट बाहेर काढायचे असतात, तेव्हा माझ्यासारखी नाडीची गाठ मारलेली नसावी.

संध्याकाळी पोवई नाक्याजवळ बूट शिवून घेतला, दुसऱ्या दिवशी एसटीने सज्जनगडावर. समर्थांची समाधी, रामाचं देऊळ, दुपारचा प्रसाद, यावर खूप जणांनी लिहिलंय. पायऱ्या बांधीव आहेत, दादाचा गुडघाही कुरकुरला नाही. हा परळीचा किल्ला मोगलांनी त्याच वर्षी जूनमध्ये घेतला आणि लगेच पावसात सापडले. परतीच्या चिखलात आणि पुरात त्यांची ओझ्याची जनावरं किती मेली याला गणती नाही. परतीची बस कधी आहे ते मात्र वर जाण्याआधीच कंडक्टरला विचारून ठेवा. आम्ही विचारलं नाही आणि तास-दीड तास बसून काढला.

तो वेळ वाया गेला नाही. गडाच्या कडेवरून समोर अजिंक्यतारा दिसत होता. वेढ्यात अन्न संपत आलं तेव्हा परळीहून मराठ्यांचे सरदार परशुराम त्र्यंबकांनी सातारकरांना रसद पोचवली होती, आणि आझमशहाने पैसे घेऊन डोळेझाक केली असं म्हणतात. मी हातानेच दादाला दाखवलं, हा आपण बसलोय तो गड, तो समोरचा, आणि मधल्या अंगाला शहापूर.

दादा बराच वेळ बघत होता. "म्हणजे त्याची छावणी वाटेतच की रे."

"वाटेतच."

"मग खाल्लेच असणार पैसे," म्हणाला आणि पिशवीतून कंदी पेढ्याचा पुडा काढला.