सेंट लॉरेन्समध्ये लार्जमाऊथ कुठे असतो, तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीचं जेवण असो नाहीतर कुणाच्या बेसमेंटमधला बर्थडे, मी मासे गरवायला जाते हे कळलं की ओटावातली आपली मंडळी फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. आता तर नवीन आलेली पोरं रॉड घ्यायच्या आधीच मेसेज करतात, की ताई, सेंट लॉरेन्स नदीवर स्मॉलमाऊथ बास मिळतात ते ऐकलंय, पण तो दुसरा, लार्जमाऊथ, तो कुठे असतो? का नाहीच त्या नदीत? (बास म्हणजे इथला गोड्या पाण्यातला, गळाने पकडायचा मासा, त्याच्या या दोन जाती.) तर आहे. चांगला पोसलेला आहे. फक्त तुम्ही त्याला नदी जिथे वाहते तिथे शोधताय आणि तो राहतो नदी जिथे वाहायची थांबते तिथे. उत्तर खरं तर एवढंच आहे, पण ती थांबते कुठे हे काठावरून पटकन कळत नाही म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी स्मॉलमाऊथचा इतका बोलबाला का ते सांगते. ही नदी किंग्स्टनला लेक ओंटारियोमधून निघते ती पाचही ग्रेट लेक्सचं पाणी घेऊन, आणि कॉर्नवॉलपाशी सरासरी सेकंदाला 7,000 घनमीटरच्या वर वाहते. आपल्या बातम्यांच्या भाषेत साधारण अडीच लाख क्युसेक, आणि हे पुराचं नाही, रोजचं. आपल्याकडे लाखभर क्युसेक विसर्ग म्हटलं की काठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो! पाणी थंड, नितळ, खाली खडक आणि गोटे, म्हणजे स्मॉलमाऊथला हवं ते सगळं. त्यात राउंड गोबी नावाचा बोटभर मासा, जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला भरलेल्या पाण्यातून काळ्या समुद्राकडून इकडे आला, 1990 मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा दिसला आणि मग सगळीकडे पसरला, तो खाऊन खाऊन इथले स्मॉलमाऊथ फुटबॉलसारखे झालेत. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या काठावरच्या क्लेटनला बासमास्टर एलिट ही व्यावसायिक बास पकडणाऱ्यांची स्पर्धा झाली तेव्हा जिंकणाऱ्याने चार दिवसांत 20 स्मॉलमाऊथ आणले, त्यांचं मिळून वजन 100 पौंडांच्या वर. अशा नदीवर लार्जमाऊथच्या मागे कोण लागणार? म्हणूनच मला ते आवडतं, खाडीच्या तोंडाशी बोटींची रांग आणि आत मी आणि माझी कयाक.

ओळखायचं कसं हेही विचारतात. तोंड बंद असताना वरचा जबडा डोळ्याच्या मागे गेला तर लार्जमाऊथ, डोळ्याखालीच थांबला तर स्मॉलमाऊथ. लार्जमाऊथ हिरवा, अंगावर आडवा काळपट पट्टा, दुसरा तपकिरी आणि त्याचे पट्टे उभे. पण मला विचाराल तर रंगापेक्षा स्वभाव बघा. स्मॉलमाऊथ धारेच्या कडेला दगडाआड उभा राहतो आणि वाहत आलेलं पकडतो, लार्जमाऊथला प्रवाहाशी झटापट करायची हौस नाही, त्याला आडोसा पाहिजे, गवत पाहिजे, पाणी जरा कोमट पाहिजे, मग तो दबा धरून बसतो आणि समोरून जाईल ते बेडूक, बेबी सनफिश, पर्च, काहीही गिळतो.

आता मुख्य गोष्ट. नदीत पाण्याखाली गवत सगळीकडे आहे, आणि आता तर जास्तच, कारण झेब्रा मसल नावाच्या शिंपल्यांनी पाणी गाळून इतकं स्वच्छ केलंय की ऊन खोलवर पोचतं आणि पूर्वी उगवत नव्हतं तिथेही गवत उगवतं. त्यामुळे "गवतात शोध" हा सल्ला इथे काही कामाचा नाही. पोलराइज्ड चष्मा लावा, खाली बघा आणि गवत झुकलंय का उभं आहे ते बघा. शेंडे एका दिशेला वाकलेले, पानं धुतल्यासारखी स्वच्छ, तर प्रवाह आहे, तिथे स्मॉलमाऊथ लागेल, नाहीतर पाईक नावाचा लांबडा शिकारी मासा लागेल. तसंच आत आत जात राहा. एका जागी गवत सरळ उभं दिसायला लागतं, पानांवर मातकट पिठासारखा थर बसलेला असतो, पाणी किंचित चहाच्या रंगाकडे जातं, हात घातला तर बाहेरच्यापेक्षा ऊबदार लागतं. ही रेघ कधीकधी इतकी स्पष्ट असते की कयाकचं पुढचं टोक एका पाण्यात आणि मागचं दुसऱ्यात. त्या रेघेच्या आत पांढऱ्या कमळांची पानं सुरू झाली (वाऱ्याने उलटली की खालून तांबडी-जांभळी दिसतात ती), एखादं पडलेलं झाड असलं, की मग माझा हात आपोआप दुसऱ्या रॉडकडे जातो.

थाउजंड आयलंड्समध्ये, म्हणजे किंग्स्टन ते ब्रॉकव्हिल, 1,800 च्या वर बेटं आहेत आणि त्यांच्या मागे अशा थांबलेल्या पाण्याच्या जागा शेकड्याने आहेत. अमेरिकेच्या बाजूला गूस बे, चिप्पेवा बे, मोठ्या उथळ गवताळ खाड्या. बंगल्यांचे धक्के आणि बोटहाऊस विसरू नका, सावली हाही आडोसाच. फक्त सरहद्द बेटांमधून वाकडीतिकडी जाते, ओंटारियोचं लायसन्स न्यूयॉर्कच्या पाण्यात चालत नाही आणि उलटही नाही, तेव्हा नकाशा उघडा ठेवा.

पण माझी खरी जागा आणखी खाली आहे, कॉर्नवॉलच्या धरणाच्या वर. तिथे आता जो लेक सेंट लॉरेन्स आहे तो मुळात तलाव नव्हताच, तिथे लाँग सूचे रॅपिड्स होते, खवळलेलं पाणी. वीज आणि सीवेसाठी, म्हणजे मोठ्या जहाजांच्या जलमार्गासाठी, धरण बांधलं आणि 1 जुलै 1958 ला पाणी अडवून ठेवणारा तात्पुरता बंधारा स्फोटाने उडवून पाणी आत सोडलं, ओंटारियोच्या बाजूची आल्ट्सव्हिल, मूलिनेट, वेल्स वगैरे गावं पाण्याखाली गेली, साडेसहा हजारांच्या आसपास माणसं उठवली. काही घरं आख्खी उचलून गाडीवरून नवीन गावात नेली, बाकीची पाडली नाहीतर जाळली. पाणी फार उतरलं की आल्ट्सव्हिलचे रस्ते आणि घरांचे पाये अजून दिसतात. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघायला गेलेल्या माणसाला इथे फार समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आईला नेलं होतं तर तिने माशांबद्दल एक अक्षर विचारलं नाही, शेतं कुणाची होती आणि भरपाई किती मिळाली एवढंच विचारत होती.

तर ही बुडालेली शेतं म्हणजेच उथळ, सपाट, मऊ तळाची बॅकवॉटर. लाँग सू पार्कवेवर पुलांनी जोडलेली 11 बेटं आहेत, ती म्हणजे पूर्वीच्या जमिनीचे उंचवटे, आणि त्यांच्या आतल्या बाजूला, शिवाय हूपल बेसारख्या ओढ्यांच्या मुखाशी, लार्जमाऊथ असतो. बोट नसेल तरी चालेल, काठावरूनही जमतं. एक मात्र लक्षात ठेवा, इथे पाण्याचं गणित उलटं आहे. धरणाच्या अगदी वरचा भाग असल्यामुळे विसर्ग वाढवला की इथली पातळी चढत नाही, उतरते. काल गुडघाभर पाण्यात मासे होते आणि आज तिथे चिखल, असं होऊ शकतं, तेव्हा निघायच्या आधी पातळी बघा आणि उतरत असेल तर खाडीच्या सगळ्यात आत जाऊ नका, तोंडाकडच्या गवताच्या बाहेरच्या कडेला थांबा.

सामान. स्मॉलमाऊथवाला तो नाजूक रॉड आणि 8 पौंडाची लाइन इथे नेलीत तर मासा लागेल पण हातात येणार नाही, कारण लागला की तो पहिलं काम करतो ते गवतात डोकं खुपसायचं. 50 पौंडाची ब्रेड (विणलेली लाइन), दणकट रॉड, आणि पोकळ रबरी बेडूक, ज्याचे हुक पाठीला चिकटलेले असतात म्हणून तो पानांवरून अडकत नाही. बेडूक टाकायच्या आधी दोन मिनिटं गप्प बसून ऐका. पानांच्या चटईखालून चुट् चुट् असा आवाज येतो, छोटे सनफिश पानांना चिकटलेले किडे खात असतात. जिथे हा आवाज आहे तिथे त्यांना खाणारा लांब नसतो. बेडूक त्या जागेच्या पलीकडे टाका, थोडा ओढा, एखाद्या भोकावर थांबवा. आधी चटई खालून फुगते, मग पाणी फुटतं, आणि त्याच क्षणी झटका मारायची जी इच्छा होते ती दाबायची, लाइन ताणली गेली की मगच मारायचा. चटई फारच दाट असली तर जड टंगस्टनचं वजन लावून प्लास्टिकचा किडा सरळ खाली पाडायचा, लागतो बहुतेक पडता पडताच.

जूनच्या उत्तरार्धात सीझन उघडतो, त्याच्या आधी घरट्यावरचा मासा दिसला तरी हात लावू नका. नर अंड्यांची राखण करत असतो, तो हलला की गोबी काही मिनिटांत अंडी साफ करतात. जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी उन्हातसुद्धा कमळाच्या पानांखाली मासे मिळतात, पहाटे उठायची सक्ती नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबरनंतर गवत मरायला लागतं, पिवळं पडलेलं सोडून द्या, जिथे हिरवं उरलंय ते शोधा.

आणि हो, "खाता का?" मी नाही खात, सोडून देते, गवताळ पाण्यातल्या लार्जमाऊथला मला चिखलाचा वास येतो आणि चिपळूणच्या माणसाला माशाच्या बाबतीत तडजोड जमत नाही. खायचा असेल तर पिवळा पर्च आणा, त्याच खाडीच्या तोंडाशी मिळतो, हळद-मीठ-तिखट आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर. किती आणायचे आणि किती खायचे याचे ओंटारियोचे नियम आहेत ते आधी वाचा, मग मला फोन करा, तवा मी तापवते.